हळदीच्या संघाचं नाव

मिरजेहून हुबळीची गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, एक छत्री, दशम्यांचा डबा आणि बसण्णाविषयीचा संशय एवढं सामान होतं. त्यातली छत्री मी वाटेत विसरले. संशय मात्र शेवटपर्यंत नीट सांभाळला.

झालं असं, की सांगलीत एका लग्नात हुबळीचे एक पाहुणे पंगतीला माझ्या शेजारी बसले. मी हुबळीची म्हटल्यावर विषय क्लबावर गेलाच. "तुमचा बसण्णा क्लबाचं नाव काढणार आहे, म्हणे," एवढं बोलून ते जिलेबीकडे वळले. मी पुढे विचारणार, तोच त्यांना कुणीतरी फोटोला बोलावून नेलं. आता, मी जन्मभर हुबळीच्या शाळेत मराठी शिकवलं. 'नाव काढणे' हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून मुलांकडून किती वाक्यं करून घेतली असतील. मुलाने बापाचं नाव काढलं, म्हणजे कीर्ती मिळवली. पण नाव हजेरीतून काढतात, पाटीवरूनही काढतात. बसण्णा यातलं कोणतं काढणार? माझा स्वभाव जात्याच संशयी. मी वाईट अर्थ धरला आणि तिकीट काढलं.

क्लब म्हणजे हौशी फुटबॉल मंडळ, हुबळी. छप्पन साली धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच सुमारास आमच्या ह्यांनी आणि बसण्णाने तो काढला. हे कोर्टात नोकरीला, बसण्णा रेल्वेत फिटर आणि संघाचा गोलकीपर. निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी, निम्मी कानडी. दिवस असे होते की पाटी कोणत्या लिपीत लिहायची यावरूनही माणसं हमरीतुमरीवर येत. म्हणून ह्यांनी एक रीत घालून दिली. क्लबात मतदान नाही, हात वर करणं नाही. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसायचं आणि जुन्या सभासदांनी एकेकाने 'हूं' म्हणायचं. हूं मराठीतही होकार, कानडीतही होकार. एक जरी गप्प राहिला तरी विषय बंद. हे गेले तेव्हा त्यांच्या जागी मला बसवलं. पुढे निवृत्त होऊन मी मुलाकडे सांगलीला आले, तरी ती जागा माझीच होती. निदान मी तसं समजत होते.

आणि हळदीचंही सांगायला हवं. पहिल्या सामन्याला पोरांकडे एकसारखे कपडे नव्हते. मी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात हळद कालवून पांढरे बनियन पिवळे केले. सामना उत्तम झाला. मग बसण्णाने ते सगळे घरी नेऊन साबणाने चांगले घासून काढले. हळदीला साबण लागल्यावर जे होतं तेच झालं. पुढच्या सामन्याला लाल चट्टे पडलेला पिवळा संघ मैदानात उतरला आणि लोक ओरडले, "अरिशिण-कुंकुम!" (हळदीकुंकू!) ते नाव चिकटलं ते चिकटलंच. हौशी मंडळ विचारलं तर टांगेवाल्यांना कळत नसे, अरिशिण म्हटलं की थेट मैदानावर आणून सोडत. चूक रंगवणारीची की धुणाऱ्याची, हा बसण्णाचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

तर गाडी. बेळगाव, खानापूर झालं. लोंढ्यापासून झाडी दाट झाली. साग, बांबू, मधेच एखादं भाताचं खाचर आणि त्यात पाय रोवून उभ्या म्हशी. मीटर गेजची गाडी इतकी सावकाश जात होती की म्हशींचे चेहरे ओळखू यावेत. अळणावरला एक नवरा-बायको चढून समोर बसले. दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं, ठेवणीतले कपडे घातलेली. बाईने बसल्या बसल्या विचारलं, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का हो?) मी दशमी पुढे केली, तिने गाठोडं सोडून ओंजळभर भाजक्या शेंगा दिल्या. पुढचं बोलणं आमचं कानडीतच झालं.

"कुठं निघालात?"

"हुबळीला. पुतण्या तिथंच जवळ तारिहाळला कारखान्यात लागलाय."

"अरे वा. काय काम करतो?"

"चेंड हिडितान्री," (चेंडू पकडतो हो) नवरा म्हणाला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कारखान्यात?"

"हौद्री, (होय हो) मालकाला चेंडूवाली पोरं पाहिजेत. आमचा मंजू अरिशिणात खेळतो ना, त्याला आधी घेतला. बाकीची सगळी घेणार म्हणतात."

"आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारा हा पहिलाच," बायको म्हणाली आणि लाजून खिडकीबाहेर बघू लागली.

एरवी मला किती आनंद झाला असता. पण माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. सगळी पोरं कारखान्यात गेली तर क्लबात उरणार कोण? बसण्णाने संघच्या संघ विकला की काय? शेंगा चांगल्या खमंग होत्या, पण मला चव लागेना.

मी येतेय असं कार्ड बसण्णाला टाकलं होतं. तो हुबळी स्टेशनवर हजर राहणार, सरळ घरी नेणार, जेवू घालणार आणि मैदान दाखवेपर्यंत ते झाडूनपुसून ठेवलेलं असणार. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा आम्ही हेच करायचो, त्यामुळे ही विद्या मला पाठ आहे. म्हणून मी धारवाडलाच उतरले. स्टेशनबाहेर पेढे घेतले, कारण संशय असला तरी कुणाच्या घरी मोकळ्या हाताने जायची पद्धत नाही, आणि हुबळीची बस धरली. धारवाडची तांबडी माती, उतरत्या कौलांची घरं आणि गार वारा मागे पडला. उणकल तलाव लागला. मग जमीन सपाट आणि काळी होत गेली, हवा कोरडी झाली आणि हुबळी आली. बसमध्येच लक्षात आलं की छत्री गाडीत राहिली.

लॅमिंग्टन रोडवर उतरून मी दुकानांच्या मधल्या बोळातून मैदानावर गेले. बघते तर काय, मैदानाच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना सुतळी बांधलेली. प्लॉट पाडताना आखतात तशी. क्लबाची खोली बंद होती आणि दारावरची पाटी गायब. पाटीच्या जागी भिंतीचा लांबट तुकडा बाकी भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. हौशी फुटबॉल मंडळ, वर मराठीत आणि खाली कानडीत. ह्यांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतलेली पाटी.

शेजारी एक गिरमिटवाला (चुरमुऱ्यात कांदा, चिंचेचं पाणी घालून देणारा) गाडी लावून उभा होता. मी त्याला विचारलं.

"बोर्ड तगदार्री," (पाटी काढलीय) तो शांतपणे म्हणाला. "मिरची देऊ?"

मी गिरमिट घेतलं, मिरचीभजीही घेतली आणि कडुलिंबाखाली बसून रागारागाने खाल्ली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच मिरचीचं होतं असं मी म्हणणार नाही.

तेवढ्यात बसण्णा धावत आला. साठी उलटलेला माणूस, धोतर सावरत, हातात माझी छत्री. तिच्या दांड्यावर ह्यांनी आपलं नाव कोरलं होतं, त्यावरून ओळखली असणार.

"अक्का! गाडीत छत्री हाय, तुम्ही नाही! मला वाटलं वाटेत कुठं पडलात काय की! स्टेशन मास्तरला सांगून आलोय, लाईनीवर माणूस पाठवा म्हणून!"

"पाटी कुठे आहे?" मी विचारलं.

"आधी घरी चला री. गंगव्वा वाट बघालीय."

"पाटी, बसण्णा."

"नाळे नोडोणरी," (उद्या बघू) तो म्हणाला आणि माझी पिशवी उचलून चालायला लागला. ज्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही तो उद्यावर ढकलत नाही, असं माझं मत आहे.

बसण्णाची बायको गंगव्वा दारातच उभी होती. "बर्री अक्का, बर्री!" (या अक्का, या!) तिने मला पाटावर बसवलं आणि वाढत सुटली. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी, एण्णगाई (भरल्या वांग्याची भाजी), शेंगाचटणी, घट्ट दही, वर लोण्याचा गोळा. मी नको म्हटलं की आणखी वाढायची. पाहुणचार प्रमाणाबाहेर झाला की मला शंका येते. दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत होती आणि मी बघितलं की भाकरीकडे बघत होती. मी क्लबाचं नाव काढलं की बसण्णा पाऊसपाण्यावर यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता तारिहाळची बस पकडली. लांबलचक पत्र्याच्या शेड, लोखंड कापल्याचा वास, रस्त्यावर सांडलेलं तेल. अळणावरच्या माणसाने सांगितलेला कारखाना सापडायला वेळ लागला नाही. पंपाचे सुटे भाग होत होते तिथे. फाटकावर नाव सांगितलं, तर पहारेकऱ्याने कसली चौकशीच केली नाही. थेट मालकांच्या खोलीत. मालक तरुण होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"या टीचर, बसा. बसण्णा म्हणालेच होते, तुम्ही इथेही येणार. सांगून येणार नाहीत, तशाच येतील."

मी अशी काही चपापले! म्हणजे संशय घेणारी मी एकटी नव्हते, माझ्या संशयाचाही कुणी आधीच अंदाज बांधला होता.

"पोरांना तुम्ही घेणार म्हणे," मी म्हटलं.

"संपूर्ण संघ. कामाला पक्के. मैदानाला कुंपण घालतोय, खुंट्या तुम्ही पाहिल्याच असतील. पाण्याचा नळ आणतोय."

"आणि नाव?"

"कारखान्याचं राहील. तुमचं काढावं लागेल, टीचर. पण बसण्णा म्हणतात, तुमचा तो हूं आल्याशिवाय काही होणार नाही. ही पद्धत मला अजून कळलेली नाही. मी वकिलांना विचारलं, त्यांनाही कळली नाही."

परतीच्या बसमध्ये मला उलगडा झाला. म्हणजे मला पंगतीत ते वाक्य सहज ऐकवलं गेलं नव्हतं. मी यावं म्हणूनच ते माझ्या कानावर घातलं होतं. माझा संशय शंभर टक्के खरा होता, आणि खरा निघाला तरी मला काहीच बरं वाटलं नाही.

बसण्णा कट्ट्यावर बसला होता. मी समोर उभी राहिले. "पाहुण्यांना तूच सांगितलंस ना? मला पत्र टाकायला हात मोडले होते?"

"पत्र टाकलं असतं तर तुम्ही उलट टपाली 'नाही' लिवला असता, अक्का. म्हटलं, येऊन बघा, मग सांगा."

"नाव काढणार, असंच म्हणालास?"

"हौद्री. पोरं क्लबाचं नाव काढतील, असं म्हटलं मी. आणि नाव काढावंबी लागंल. दोन्ही खरं हाय." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मराठीच्या टीचर. एकाच शब्दाला असले दोन अर्थ कशाला ठेवलेत ते तुम्हीच सांगा."

मी पाटीचं विचारलं. तो आत गेला आणि ज्वारीच्या कणगीमागून पाटी काढून घेऊन आला. गंगव्वाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती.

"पाटीबिगर भिंत कशी दिसती ते बघावं म्हणून काढलो," तो म्हणाला. "बघवंना. परत लावायला गेलो तर हात होईना, तुम्ही येईपतोर. अक्का, पोरं सात उरली होती. बाकीची बंगळुराला, गोव्याला, पोटामागं गेली. सात पोरं घेऊन मी काय नाव राखू?"

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं बनियनांवरून भांडत आलो, आणि ज्यावर खरंच भांडायला हवं होतं त्यात तो एकटाच झगडत राहिला.

दुसरा दिवस रविवार. कलघटगीच्या संघाशी सामना होता. त्याआधी आम्ही कडुलिंबाखाली बसलो. जुन्यांपैकी आता मोजकीच माणसं राहिली होती. मालकही आले, खुर्ची दिली तरी खाली सतरंजीवर बसले. हे चांगलं की नाटक, ते मी ठरवू शकले नाही. कडेला पोरं उभी होती, नोकरीचं कळल्यावर गोव्याहून, बंगळुराहून परतलेलीही, नव्या निळ्या शर्टांत. मापाला म्हणून आणलेले शर्ट. गोलकीपरचा तेवढा पांढरा, छातीवर कारखान्याचं नाव निळ्या अक्षरांत. तोच मंजू. काकाने सांगितलं असणार, कारण तो माझ्याकडे बघून हसत होता आणि हात मात्र घट्ट धरून उभा होता.

सगळ्यांनी एकेक करून हूं म्हटलं. बसण्णानेही, खाली बघत. माझी पाळी आली आणि मी गप्प बसले.

मग मी मालकांना विचारलं, "संघ हरला तर?"

"म्हणजे?"

"हरला, हरतच राहिला, कुणाचा पाय मोडला, खेळणं संपलं. मग नोकरी राहील?"

"राहील, टीचर."

"असं नाही. हूं म्हणा."

ते हसले. मग बाकीचे कुणी हसत नाहीत असं त्यांना दिसलं. त्यांनी एकदा पोरांकडे बघितलं, एकदा झाडाकडे, आणि म्हणाले, "हूं."

त्यानंतर मी म्हटलं. ह्यांच्या जागी बसून, ह्यांनी दिलेलं नाव पुसायला मी हूं म्हटलं. तो हूं मराठी की कानडी हे देवालाच माहीत.

त्या पहिल्या धुण्यापासून आमच्या क्लबात सामन्याआधी चेंडूला हळदकुंकू लावतात. गंगव्वा ताट घेऊन आली आणि तिने ते माझ्यापुढे धरलं. मी विधवा. मी हात मागे घेतला.

"चेंडाला काय कळतंय री अक्का," ती म्हणाली. "लावा."

मी लावली. जरा जास्तच लावली, ओली, जाड, अख्ख्या चेंडूला माखेल अशी. मनात म्हटलं, हे तरी कुणी काढून दाखवा.

सामना सुरू होताच कलघटगीच्या एका दांडग्या पोराने लांबून सणसणीत फटका मारला. मंजूने झेप घेऊन चेंडू छातीशी कवटाळला आणि उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर, कारखान्याच्या नावाच्या अगदी मधोमध, पिवळा ठसा उमटला होता. भिंतीवर, झाडावर बसलेली माणसं ओरडली, "अरिशिणा! कुंकुमा!" निळ्या शर्टांतल्या पोरांना उद्देशून. मला आधी वाटलं, बसण्णाने शिकवून बसवली असतील. पण त्याच्याकडे बघितलं तर तोच तोंड उघडं टाकून ऐकत होता.

आम्ही एका गोलाने हरलो. मी लगेच मालकांचा चेहरा बघितला. टाळ्या वाजवत होते. मधे एकदा घड्याळाकडे बघितलं, तेही मी ध्यानात ठेवलं.

स्टेशनवर बसण्णाने मला तीनदा विचारलं, छत्री घेतली का. मग कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. मंजूचा शर्ट, घामाने आणि मातीने भरलेला.

"धुऊन पाठवा अक्का. तवा मी धुतलो. आता तुम्ही धुवा. बघू कुणाची चूक होती."

गाडी अळणावरच्या झाडीतून परत निघाली तेव्हा मला वाटलं होतं, हातातून काहीतरी सुटल्यासारखं रिकामं वाटेल. वाटलंही. म्हशी पुन्हा दिसल्या, त्याच होत्या की दुसऱ्या कुणास ठाऊक. मांडीवर ते पुडकं होतं आणि डब्यात हळदीचा नि घामाचा वास येत होता.

सांगलीला आल्यावर मी तो शर्ट बादलीत भिजवला. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. कारखान्याची निळी अक्षरं किती पक्की आहेत ते मला बघायचं होतं. मी साबणाची वडी घेऊन त्या नावावर घासत सुटले, हात दुखेपर्यंत. अक्षरांचा रंग तसूभरही हलला नाही. रंग पक्का होता. पण फेस लाल झाला. बघते तर छातीवरचा पिवळा ठसा बोटाखाली कुंकवासारखा लालभडक होत चालला होता, आणि निळं नाव त्याच्या मधे बसलं होतं.

मी तशीच बादलीपाशी बसून एकटीच मोठमोठ्याने हसले. सून बघायला आली, काय झालं म्हणून.

शर्ट खळबळला असता तर लाली उतरली असती. मी खळबळला नाही. तसाच पिळून दोरीवर वाळत घातला. आता तसाच घडी घालून हुबळीला पाठवणार आहे. मालकांनी विचारलं हे कसलं धुणं, तर बसण्णा सांगेल, अक्कांनी धुतलाय.